नेव्हीच्या ट्रेनिंग स्कूलची टीम कॉलेज फुटबॉलमध्ये देशात दुसरी आली, ती कशी काय?

अमेरिकन फुटबॉल हल्ली आपल्याकडेही थोडं थोडं कानावर यायला लागलंय. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याचा फ्लॅग फुटबॉल हा प्रकार आहे, आणि तिकडे राहणारे आपले लोक कॉलेज फुटबॉलवरून चाललेल्या भांडणाच्या बातम्या सारख्या शेअर करत असतात, की खेळाडूंना आता कॉलेजं थेट पैसे देतात, पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात, निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही, पूर्वी असं नव्हतं वगैरे.

पूर्वी असं नव्हतं का? 1943 च्या सीझनचा शेवटचा टेबल बघा. एक नंबरला नोटर डेम, ठीक आहे, ते मोठंच नाव. दोन नंबरला आयोवा प्री-फ्लाइट. सहाव्या नंबरला ग्रेट लेक्स. आठव्याला डेल मॉन्टे प्री-फ्लाइट, दहाव्याला मार्च फील्ड. नोटर डेम सोडलं तर यातलं एकही कॉलेज नाही! तीन नेव्हीची ट्रेनिंग सेंटर्स आणि एक विमानदळाचा तळ. आणि जी खरी कॉलेजं त्या टेबलात आहेत त्यांच्यातल्या काहींचे स्टार खेळाडू आदल्या वर्षी भलत्याच कॉलेजकडून खेळत होते.

हे सगळं का झालं ते नीट समजून घ्यायचं तर स्टेडियमपेक्षा सरकारी फायलींमध्ये जास्त डोकवावं लागतं, कारण माझं मत असं की त्या वर्षी टीम बांधल्या त्या कोचने नाही तर बदलीच्या ऑर्डरींनी.

आधी खेळ, अगदी कामापुरता

दोन्हीकडे अकरा-अकरा जण. बॉल ज्याच्याकडे आहे त्या टीमला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, सरकले की पुन्हा नवे चार प्रयत्न, नाही सरकले तर बॉल दुसऱ्याकडे. बॉल घेऊन समोरच्या टोकाची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे 6 पॉइंट, आणि त्यानंतर खांबांमधून किक मारायची संधी मिळते, तिचा 1 पॉइंट. हा एक पॉइंट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणखी एक गोष्ट. त्या काळात कॉलेज फुटबॉलमध्ये चॅम्पियन ठरवायला फायनल नव्हती. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था 1936 पासून क्रीडा पत्रकारांची मतं घेऊन दर आठवड्याला क्रमवारी काढायची आणि सीझनच्या शेवटी जो एक नंबरला तो चॅम्पियन. म्हणजे मतदान. वर जो टेबल सांगितला तो हाच.

युद्ध लागलं आणि कॉलेजं रिकामी झाली

7 डिसेंबर 1941 ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. पहिला दणका लगेच दिसला, 1 जानेवारी 1942 चा रोझ बोल हा सामना कॅलिफोर्नियात होतो, पण जपानी तिथेही हल्ला करतील या भीतीने तो उचलून थेट दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला नेला. पण ते एका मॅचचं झालं. खरी अडचण त्यानंतर आली, कारण कॉलेजात फुटबॉल खेळणारा पोरगा म्हणजे अठरा ते बावीस वयाचा धडधाकट पोरगा, आणि सैन्यालाही नेमका तोच हवा होता.

1943 पर्यंत शेकडो कॉलेजांनी फुटबॉल बंदच करून टाकलं. अलाबामा, टेनेसी, फ्लोरिडा, स्टॅनफर्ड अशी नावाजलेली कॉलेजं त्यात होती, ज्यांना थोडंफार फुटबॉल माहितीये त्यांना अलाबामाचं नाव वाचून आश्चर्य वाटेल पण 1943 मध्ये अलाबामाची टीमच नव्हती. प्रोफेशनल लीगची म्हणजे एनएफएलचीही तीच गत, खेळाडू इतके कमी पडले की फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स या दोन टीमनी 1943 मध्ये मिळून एकच टीम उतरवली, लोक तिला गमतीने स्टीगल्स म्हणायचे.

मग ज्यांची टीम टिकली ती कशी टिकली? इथे फायली उघडाव्या लागतात.

नेव्ही हो म्हणाली, आर्मी नको म्हणाली

युद्धाला नुसते शिपाई पुरत नाहीत, अधिकारी लागतात, आणि अधिकाऱ्याला गणित, फिजिक्स, इंजिनीअरिंग यायला हवं. म्हणून नेव्ही आणि आर्मी दोघांनीही कॉलेजांशी करार केले, की पोरं आमची, गणवेश आमचा, पगार आमचा, शिकवायचं तुम्ही. नेव्हीच्या योजनेचं नाव व्ही-12, ती 1 जुलै 1943 ला सुरू झाली, 131 कॉलेजांत चालली आणि त्यातून सव्वा लाखाच्या आसपास पोरं गेली, मरीन दलाची पोरंही यातच. आर्मीच्या योजनेचं नाव होतं एएसटीपी.

आता गंमत बघा. नेव्हीने सांगितलं की अभ्यास आणि ड्रिल सांभाळून व्ही-12 च्या पोराने कॉलेजच्या टीमकडून खेळायला आमची हरकत नाही. आर्मीने सांगितलं की एएसटीपीचं वेळापत्रक इतकं भरगच्च आहे की कॉलेजच्या टीममध्ये खेळायचं नाही म्हणजे नाही. बस, एवढ्या एका फरकावर देशभरातल्या टीमचं नशीब ठरलं. नेव्हीशी करार असलेल्या कॉलेजाला आयते खेळाडू मिळाले, आर्मीशी करार असलेलं कॉलेज बसलं हात चोळत.

ओहायो स्टेटचं उदाहरण घ्या. 1942 चा चॅम्पियन, कोच पॉल ब्राउन, जो पुढे क्लीव्हलंड ब्राउन्स या प्रो टीमचा पहिला कोच झाला. पण हे कॉलेज आर्मीच्या योजनेत होतं. 1943 मध्ये चॅम्पियन टीममधले बहुतेक गेले, उरली ती सतरा वर्षांची पोरं ज्यांचं अजून भरतीचं वय झालं नव्हतं. चॅम्पियन टीमचं त्या सीझनचं रेकॉर्ड काय, 3 विजय आणि 6 पराभव. कोच तोच होता बरं का.

उलट मिशिगन नेव्हीवालं. तिथे व्ही-12 खाली कोण आलं तर विस्कॉन्सिनचा एलरॉय हर्श, आदल्या वर्षीचा विस्कॉन्सिनचा हिरो, तो 1943 मध्ये मिशिगनच्या जर्सीत. मिनेसोटाचा बिल डेली तर भारीच केस आहे. मिशिगन आणि मिनेसोटा यांच्यात दरवर्षी एका जुन्या मातीच्या जगसाठी मॅच होते, लिटल ब्राउन जग म्हणतात त्याला. डेली तीन वर्षं मिनेसोटाकडून खेळला आणि तिन्ही वर्षं मिनेसोटाने मिशिगनला हरवलं. चौथ्या वर्षी नेव्हीने डेलीला मिशिगनला पाठवलं आणि त्या वर्षी मिशिगनने मिनेसोटाला 49-6 असं तुडवलं! एकाच माणसाने दोन्ही बाजूंनी तो जग जिंकला, आणि त्याने कॉलेज बदललं नव्हतं, त्याची बदली झाली होती.

तेव्हा "पूर्वी पोरं कॉलेज बदलत नव्हती" म्हणणाऱ्या काकांना हा सीझन जरूर सांगा.

प्री-फ्लाइट म्हणजे नक्की काय?

इथपर्यंत कॉलेजांची गोष्ट झाली. पण आयोवा प्री-फ्लाइट हे कॉलेजही नव्हतं.

नेव्हीला हजारो पायलट हवे होते. विमानात बसवायच्या आधी पोरांना सुमारे तीन महिने एका शाळेत घालायचे, तिथे नॅव्हिगेशन, सिग्नल, विमानं ओळखणं असले विषय, ड्रिल, आणि भरपूर म्हणजे भरपूर व्यायाम. या शाळा म्हणजे प्री-फ्लाइट स्कूल. 1942 मध्ये अशा चार उघडल्या, आयोवा सिटी, नॉर्थ कॅरोलिनातलं चॅपल हिल, जॉर्जियातलं अथेन्स आणि कॅलिफोर्नियातलं सेंट मेरीज, डेल मॉन्टे नंतर आलं. पहिल्या चारही कॉलेजांच्या आवारात, म्हणजे होस्टेल, मैदान, जिम सगळं तयार. आयोवा सिटीला आलेल्या कॅडेटांमध्ये जॉन ग्लेनही होता, जो पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला अमेरिकन अंतराळवीर झाला.

यातल्या खेळांचा कारभार टॉम हॅमिल्टन नावाच्या नेव्ही अधिकाऱ्याकडे होता. हा स्वतः नेव्हल अकॅडमीकडून फुटबॉल खेळलेला आणि नंतर तिथलाच कोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की नुसत्या कवायतीने माणूस दमदार होतो पण अंगावर कोणी धावून येत असताना अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायला शिकत नाही, मार खाऊन परत उभं राहायला शिकत नाही, आणि शेजारच्यावर विसंबून हालचाल करायला तर अजिबात शिकत नाही, ते फुटबॉलमध्ये येतं. म्हणून प्री-फ्लाइटमध्ये बॉक्सिंग, कुस्ती, पोहणं यांच्यासोबत फुटबॉलही सक्तीचं, म्हणजे ज्याने कधी बॉल हातात धरला नव्हता त्यालाही.

सगळ्यांना हे पटलं होतं असं नाही. नेव्हीच्याच दुसऱ्या फिटनेस कार्यक्रमाचा प्रमुख होता जीन टनी, माजी हेवीवेट बॉक्सिंग चॅम्पियन, त्याला हे टीम गेमचं प्रकरण फालतू वाटायचं, जोर-बैठका मारा, धावा, तेवढं बास असं त्याचं मत. कोण बरोबर हे कधी मोजून ठरलं नाही. पण हॅमिल्टनच्या हातात प्री-फ्लाइट होतं म्हणून प्री-फ्लाइटमध्ये फुटबॉल आलं.

आणि सक्तीचं फुटबॉल शिकवायचं तर शिकवणारे लागणार, म्हणजे कोच लागणार, म्हणजे देशातले सगळ्यात भारी कोच नेव्हीच्या गणवेशात येणार, आणि असले लोक एका आवारात जमल्यावर शाळेची एक मुख्य टीम काढून शनिवारी बाहेर मॅच खेळणार नाहीत हे शक्यच नव्हतं.

टीममध्ये होतं कोण?

आयोवा प्री-फ्लाइटच्या टीमचं नाव सीहॉक्स. 1942 मध्ये कोच बर्नी बिअरमन, ज्याने 1940 आणि 1941 अशी सलग दोन वर्षं मिनेसोटाला चॅम्पियन केलं होतं, आणि पहिल्याच सीझनला त्याच्या सीहॉक्सनी त्याच्याच मिनेसोटाला 7-6 ने हरवलं. 1943 मध्ये बिअरमन गेला, मिझुरीचा डॉन फॉरो आला. त्याच्या हाताखाली दोन तरुण असिस्टंट, जिम टेटम आणि बड विल्किन्सन. ही दोन नावं पुढे परत येतील.

खेळाडू म्हणजे शिकणारे कॅडेट आणि शिकवणारे अधिकारी दोन्ही. कॉलेज फुटबॉलचा नियम असा की प्रोफेशनल खेळला असशील तर कॉलेजकडून खेळता येणार नाही, पण नेव्हीचा तळ काही कॉलेज नव्हता, तिथे हा नियम लागू नव्हता. त्यामुळे डिक टॉड, पेरी श्वार्ट्झ, व्हिन्स बॅनोनिस असे एनएफएलमध्ये खेळून आलेले लोक सीहॉक्सकडून कॉलेजांविरुद्ध खेळले. आपल्याकडे तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत ज्युनिअर कॉलेजच्या पोरांसमोर अचानक रेल्वेची टीम चड्ड्या चढवून उभी राहिली तर जे होईल, साधारण तेच.

पण एक गोष्ट कायम विसरली जाते. कॅडेटचा कोर्स तीन महिन्यांचा, आणि फुटबॉलचा सीझन सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे आज जो खेळतोय तो पुढच्या मॅचला असेलच याची खात्री नाही, ऑर्डर आली की बॅग उचलायची आणि पुढच्या तळावर जायचं. अधिकारी थोडे जास्त टिकायचे पण त्यांनाही समुद्रावर जायची ऑर्डर कधीही येऊ शकत होती. कोचला शनिवारची टीम निवडायच्या आधी कोण शिल्लक आहे हे विचारायला लागायचं, असला प्रकार.

1943: नऊ विजय आणि एक पॉइंट

सीहॉक्सनी सुरुवातच दणक्यात केली. वर सांगितलं त्या ओहायो स्टेटला 28-13 ने हरवलं, म्हणजे मागच्या वर्षीचा चॅम्पियन, पण सतरा वर्षांच्या पोरांचा. ज्यांच्या आवारात राहत होते त्या आयोवालाच 25-0. फॉरोने स्वतःच्या मिझुरीला 21-6. सगळं जिंकत जिंकत 20 नोव्हेंबरला नोटर डेमच्या मैदानावर पोचले, तेव्हा क्रमवारीत नोटर डेम एक नंबर आणि सीहॉक्स दोन नंबर.

आता नोटर डेमचीही हालत समजून घ्या. कोच फ्रँक लेही, कॉलेज व्ही-12 वालं, टीम जबरदस्त. पण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा आणि पूर्ण हल्ला चालवणारा खेळाडू, अँजेलो बर्टेली, त्याला पहिल्या सहा मॅचनंतर मरीनची ऑर्डर आली. सहापैकी सहा जिंकलेला माणूस सीझनच्या मध्यात साउथ कॅरोलिनातल्या पॅरिस आयलंड या ट्रेनिंग कॅम्पात निघून गेला आणि त्याच्या जागी अठरा वर्षांचा जॉनी लुजॅक. आजच्या कुठल्या कोचवर ही वेळ आली तर तो पत्रकार परिषदेत रडेल.

मॅच अटीतटीची. मध्यंतराला सीहॉक्स पुढे. शेवटी दोन्ही टीमचे दोन-दोन टचडाउन, म्हणजे 12-12, फरक पडला तो किकमध्ये. नोटर डेमच्या दोन्ही किक खांबांमधून गेल्या, सीहॉक्सची एक गेली आणि एक हुकली. 14-13. पुढच्या आठवड्यात सीहॉक्सनी मिनेसोटाला 32-0 ने चिरडलं, सीझन संपला 9 विजय 1 पराभव, आणि तो एकमेव पराभव एका पॉइंटचा, तोही एक नंबरच्या टीमकडून, त्यांच्या घरी.

त्याच दिवशी, म्हणजे 27 नोव्हेंबरला, नोटर डेमची शेवटची मॅच होती ग्रेट लेक्सशी. ग्रेट लेक्स म्हणजे शिकागोच्या उत्तरेला मिशिगन तलावाकाठचं नेव्हीचं प्रचंड ट्रेनिंग सेंटर, युद्धाच्या काळात तिथून 10 लाखांच्या आसपास नाविक तयार होऊन गेले. शेवटचं एक मिनिट उरलं असताना नोटर डेमने टचडाउन मारून 14-12 अशी आघाडी घेतली, लोकांना वाटलं संपलं. मग ग्रेट लेक्सच्या स्टीव्ह लॅकने लांब बॉल टाकला, पॉल अँडरसनने तो पकडला आणि पळत सुटला, टचडाउन! घड्याळात उरले होते 33 सेकंद. 19-14, नोटर डेम हरले. बर्टेली ही मॅच पॅरिस आयलंडवर रेडिओला कान लावून ऐकत होता. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्या वर्षी त्यालाच मिळाली, फक्त सहा मॅच खेळून.

तरीही शेवटच्या मतदानात नोटर डेमच एक नंबर. नोटर डेमचं रेकॉर्ड 9-1, सीहॉक्सचंही 9-1, आणि एकमेकांतली मॅच नोटर डेमने जिंकलेली, शिवाय त्यांनी मिशिगन, आर्मी, नेव्ही (म्हणजे आर्मी-नेव्हीच्या अकॅडमींच्या टीम) असले मोठे मोठे लोक हरवलेले. मला हा निकाल चुकीचा वाटत नाही. पण ती एक किक आत गेली असती आणि मॅच 14-14 झाली असती तर एका विमान शिकवायच्या शाळेला पत्रकारांनी चॅम्पियन केलं असतं का, हा वाद घालायला मजा येते.

1944 मध्ये हे आणखी वाढलं. टेक्सासमधल्या रँडॉल्फ फील्ड या विमानदळाच्या तळाची टीम 12 पैकी 12 जिंकली आणि क्रमवारीत तिसरी आली. त्या वर्षी पहिला नंबर आर्मीचा, पण हे आर्मी म्हणजे कुठला तळ नव्हे, वेस्ट पॉइंटची लष्करी अकॅडमी, तिची टीम आधीपासूनच कॉलेजांशी खेळायची. वर एएसटीपीची जी बंदी सांगितली ती वेस्ट पॉइंटला नव्हती, यात बऱ्याच जणांचा घोळ होतो.

"पण हे अन्फेअर नव्हतं का?"

होतं ना, उघड उघड होतं. एनएफएल खेळलेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा माणूस एका बाजूला आणि पहिल्या वर्षाचा पोरगा दुसऱ्या बाजूला, याला काय फेअर म्हणणार.

मग कॉलेजं खेळायला तयार का झाली? एक तर प्रतिस्पर्धीच उरले नव्हते, शेकडो कॉलेजं बंद असताना सीझन भरायचा तर तळांच्या टीम लागायच्याच. शिवाय पेट्रोल आणि रेल्वे प्रवासावर मर्यादा, त्यामुळे जवळ जो मिळेल तो. आणि तिसरं म्हणजे गणवेशातल्या टीमला "तुमच्याशी खेळत नाही" असं म्हणायची 1943 मध्ये कोणाची टाप नव्हती. बाकी अन्फेअरपणा कॉलेजा-कॉलेजांतही तेवढाच होता, वर ओहायो स्टेट आणि मिशिगन बघितलंतच.

एक अन्फेअरपणा मात्र स्कोअरबोर्डवर दिसत नव्हता. नेव्हीत तेव्हा वंशभेद अधिकृत होता. 1942 पर्यंत काळ्या माणसाला नेव्हीत जवळजवळ स्वयंपाक आणि वाढपाचंच काम मिळायचं, त्यानंतर बाकीची कामं उघडली तरी ग्रेट लेक्सला काळ्या नाविकांचं ट्रेनिंग वेगळ्या कॅम्पात, कॅम्प रॉबर्ट स्मॉल्समध्ये. 1945 मध्ये ग्रेट लेक्सच्या टीममध्ये मॅरियन मॉटली हा काळा खेळाडू खेळला, कोच तोच पॉल ब्राउन जो आता नेव्हीत आला होता, त्यांनी नोटर डेमला 39-7 ने धुतलं, आणि 1946 मध्ये ब्राउनने मॉटलीला क्लीव्हलंडला घेतलं. त्या काळात प्रो फुटबॉलमध्ये काळ्या खेळाडूंना दारं बंद होती, ती 1946 मध्ये उघडली त्यातला हा एक.

"तिकडे माणसं मरत होती आणि हे बॉल खेळत होते?"

हा प्रश्न तेव्हाही लोक विचारत होते, आणि त्यात तथ्य होतं. चांगला खेळाडू असला की तळावरच्या अधिकाऱ्याला तो आपल्याकडेच राहावा असं वाटणार, तळाची इज्जत असते शेवटी. काही जण खरंच पूर्ण युद्ध इन्स्ट्रक्टर म्हणूनच राहिले. काहींना स्वतःलाच ते नको होतं, बेसबॉलचा स्टार बॉब फेलर टनीच्या कार्यक्रमातून नेव्हीत आला, तळावर बेसबॉल खेळला आणि मग स्वतःहून तोफखान्याचं ट्रेनिंग मागून अलाबामा या युद्धनौकेवर गेला.

पण सगळे मागे लपून बसले हे म्हणणं साफ खोटं आहे. टोनी बटकोविच हा इलिनॉयचा खेळाडू, 1943 मध्ये मरीन ट्रेनिंगसाठी पर्ड्यू कॉलेजात गेला, त्या वर्षी पर्ड्यू एकही मॅच हरलं नाही, आणि एप्रिल 1945 मध्ये तो ओकिनावात मारला गेला. विस्कॉन्सिनचा डेव्ह श्रायनरही ओकिनावातच, जूनमध्ये. न्यूयॉर्क जायंट्सचा जॅक लमस इवो जिमावर, त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं. आणि आयोवाचा लाडका नाइल किनिक, 1939 ची हाइझमन ट्रॉफी जिंकलेला, नेव्हीचा पायलट, 2 जून 1943 ला ट्रेनिंगच्या उड्डाणात त्याचं विमान समुद्रात पडलं. सीहॉक्स ज्या आयोवा स्टेडियमवर खेळायचे त्याला 1972 पासून त्याचं नाव आहे.

म्हणजे एकाच टीममधला एक जण नॉर्थ कॅरोलिनात पीटी घेत राहिला आणि दुसरा ओकिनावाला गेला, यात कोण शूर आणि कोण भित्रा यापेक्षा कोणाला कुठली ऑर्डर आली याचाच भाग जास्त होता. म्हणून मला या खेळाडूंना शिव्या देणं पटत नाही, शिव्या द्यायच्याच तर ज्यांनी मॅचसाठी ऑर्डरी थांबवल्या असतील त्यांना द्या.

"हे फक्त अमेरिकेचंच खूळ का?"

नाही हो. मार्च 1945 मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी ट्रॉफीची फायनल झाली, मुंबई विरुद्ध होळकर. होळकरांचा कॅप्टन सी. के. नायडू, आणि त्यांच्या टीममध्ये कोण तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन! का, तर त्याचं ब्रिटिश आर्मीतलं पोस्टिंग इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होतं. विजय मर्चंटने मुंबईसाठी 278 केले, होळकरांना जिंकायला 867 हवे होते, कॉम्प्टनने नाबाद 249 ठोकले तरी ते 374 रनांनी हरले. म्हणजे मिडलसेक्सचा माणूस मध्य भारतातल्या संस्थानाकडून मुंबईविरुद्ध खेळला, कारण आर्मीने त्याला तिथे पाठवलं होतं. डेलीची आणि त्याची गोष्ट एकच आहे. आपली सर्व्हिसेसची टीम आजही रणजी आणि संतोष ट्रॉफीत राज्यांशी खेळतेच, फरक इतकाच की ती कायमची आहे आणि अमेरिकेतल्या तळांच्या त्या टीम युद्धापुरत्या होत्या.

अमेरिकेतही हे पहिल्यांदा झालं नव्हतं. पहिल्या महायुद्धात 1918 आणि 1919 चे रोझ बोल लष्करी टीममध्येच झाले होते, 1919 मध्ये ग्रेट लेक्सने मेअर आयलंडच्या मरीनना 17-0 ने हरवलं, आणि त्या टीममधला जॉर्ज हॅलस पुढे शिकागो बेअर्सचा मालक आणि कोच झाला.

मग यातून उरलं काय?

सीहॉक्स तीन सीझन खेळले, 1942 ला 7-3, 1943 ला 9-1, 1944 ला 10-1, एकूण 26 विजय आणि 5 पराभव, आणि मग टीम संपली. त्यांचा कोणी माजी विद्यार्थी संघ नाही, त्यांच्या विक्रमांची जाहिरात करणारं कॉलेज नाही, त्यामुळे बहुतेक लोकांना नावही माहिती नाही.

पण एक गोष्ट उरली आणि ती मोठी आहे. फॉरोने 1941 मध्ये मिझुरीला एक नवी रचना काढली होती, स्प्लिट-टी. पुढच्या फळीतले खेळाडू एकमेकांपासून लांब लांब उभे करायचे, क्वार्टरबॅकने बॉल घेऊन फळीला समांतर पळायचं आणि समोरचा एक बचावपटू काय करतो ते बघायचं, तो अंगावर आला तर बॉल बाजूच्याकडे द्यायचा, तो बाजूच्याकडे वळला तर स्वतः घुसायचं. कल्पना त्याला बास्केटबॉलवरून सुचली होती, जिथे दोन जण एका बचावपटूवर चालून जातात. आजही ज्याला ऑप्शन म्हणतात त्या खेळाची ही सुरुवातीची पायरी.

शांततेच्या काळात कुठला कोच आपली अशी युक्ती दुसऱ्या कोचला शिकवेल? पण 1943 मध्ये नेव्हीने फॉरोला, टेटमला आणि विल्किन्सनला एकाच मैदानावर आणून ठेवलं, आणि फॉरोने ते सगळं दोघांना शिकवलं, कारण तेव्हा ते त्याचे असिस्टंट होते. युद्ध संपल्यावर टेटम आधी ओक्लाहोमाला आणि मग मेरीलंडला गेला, 1953 मध्ये त्याने मेरीलंडला चॅम्पियन केलं. विल्किन्सन ओक्लाहोमाचा कोच झाला, 1950, 1955 आणि 1956 असे तीन वेळा चॅम्पियन, मधे 1953 ते 1957 सलग 47 मॅच जिंकला, तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. दोघेही स्प्लिट-टीच खेळायचे.

फॉरो परत मिझुरीला गेला. मिझुरी आणि ओक्लाहोमा एकाच गटात, दरवर्षी मॅच. 1947 पासून 1956 मध्ये निवृत्त होईपर्यंत फॉरो विल्किन्सनशी दहा मॅच खेळला आणि दहाच्या दहा हरला.